पेटी

रात्री बाराच्या ठोक्याला आला म्हणे सिनेमा
नातवाच्या हातात, पांघरुणाखाली.
तोच आज साडेनवाला आमच्याकडं लागणार.
आण्णासाब शिंत्रे गेटात उभे,
"दुंडाप्पा, आता कोण गा येणार?"
मी झाडू मारतोय. बाल्कनीखाली शेंगांची टरफलं,
परवाची. तीही मूठभर.

एकाच वेळी दोन्हीकडं
हे मला नवं नाही, मालक.
हे मी राजदूतवर केलंय, अकरा वर्षं.

दोन गावांत मिळून पेटी एकच.
संकेश्वरात सहाचा खेळ, गडहिंग्लजात साडेसातचा.
हसनसाब रीळ उतरवायचा, अजून ऊन असलेलं,
डब्यात घालून झाकण थोपटायचा
तान्ह्याची पाठ थोपटावी तसं,
आणि मी सुटायचो.
कॅरिअरला दोन डबे, पुढं टाकीवर एक,
उसाच्या गाड्यांच्या मधनं, बिनदिव्याच्या.
नाक्यावर अलीकडचा पोलीस विचारायचा,
"एनप्पा, हिरो सत्तना?"
पलीकडचा विचारायचा, "लगीन झालं का रं तिचं?"
मला दोन्ही माहीत नसायचं.
डब्यावर नुसता आकडा. सात. आठ.
हिरो मेला असला तर तो माझ्या मांडीला लागून मेलेला,
आणि मी चौथ्या गेरात.

एका श्रावणात हिरण्यकेशी रस्त्यावर आली.
नववं रीळ माझ्याजवळ, मी अलीकडं,
पलीकडं चारशे माणसं अंधारात बसलेली.
रात्री एकपर्यंत वाट बघून
चहावाली रत्नव्वा पडद्यासमोर उभी राहिली म्हणे
आणि शेवट तिनंच सांगून टाकला.
भाऊ परत येतो, म्हातारी त्याला ओळखत नाही,
भाकरी मात्र वाढते.
लोक डोळे पुसत घरी गेले.
तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं, मी खरं रीळ पोचवलं,
तर पब्लिक माझ्यावरच तापलं.
त्यात नुसती मारामारी होती.

आता फोनवर भाषा निवडता येते.
सून महादेवी गोकाकची, ती कन्नडात बघते,
प्रज्वल हिंदीत, मला तो मराठी लावून देतो.
तीन खोल्या, एकच विनोद,
तिघं आपापल्या वेळेला हसतो.
माझी मल्लव्वा होती तेव्हा
कन्नड खेळाला शेजारची तान्याक्का तिच्याबरोबर यायची.
तान्याक्काला कन्नड येत नव्हतं,
मल्लव्वा कानात सांगायची.
थेटर हसून गप्प व्हायचं
आणि मग, जरा उशिरानं,
बायकांच्या बाजूला एकटीच तान्याक्का खळखळायची.
त्या उशिराच्या हसण्याला
थेटर परत एकदा हसायचं.

साडेनऊ वाजले. सात तिकिटं.
त्यातली दोन जोडप्याची, त्यांना सिनेमाशी देणंघेणं नाही.
एक माणूस रात्री बघून आलाय, स्वतःच सांगतो,
"आवाज ऐकायला आलो, घरात पोरं झोपलेली."
ऑपरेटर नाही, डबे नाहीत.
केबिनमधल्या पोरानं बटण दाबलं आणि तो वडापाव आणायला गेला.
आण्णासाबांनी मला हाताला धरून बाल्कनीत बसवलं.
"बघ आता सगळा. एकदा तरी."

बघितला. म्हणजे बसलो.
हिरोला चांगली नोकरी लागली, पोरगी गाडीतनं उतरली,
पाऊस, गाणं, कुणीतरी दार वाजवलं,
आणि माझे पाय उठले.
वीस मिनिटं झाली होती.
परत बसलो. परत वीस मिनिटांनी उठलो.
तिसऱ्यांदा जिना उतरून गेटापर्यंत आलो,
खिशात किल्ली चाचपली, राजदूतची,
जी विकून पंचवीस वर्षं झाली.

गडहिंग्लजच्या रस्त्याला ऊन होतं.
पानपट्टीवाला बाळगोंडा म्हणाला,
"काय गा, कसाय पिक्चर?"
मी म्हटलं, थांब,
अजून दार कुणी वाजवलं ते कळायचंय.